मामाची मागची दाढ

डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना कायम भरलेला, पण तिथल्या खुर्चीत घरचं कोणी कधी बसत नसे. कारण काय, तर "हिचं नाक आम्ही पुसलंय, ही काय आमचे दात बघणार!" आता बोला! पहिला बसला तो मामा, आणि तोही दाढ ठणकून जीव नकोसा झाला म्हणून.

दाढ वरची, अगदी मागची. मामाचं तोंड गप्पांना भलंमोठं, पण "आ कर" म्हटलं की त्यात चमचा जाईना. तरी बाईंनी मुळांतल्या तिन्ही नळ्या साफ करून भरल्या. एक्स-रे झकास आला. आणि आठवड्याने मामा गाल धरून पुन्हा दारात!

"चिमणे, उपटून टाक ती. नाहीतर मी समोरच्या डॉक्टरकडे चाललो."

त्या बाजूला चावायला मामाकडे तेवढी एकच दाढ उरलेली. ती गेली की मामाचं खाणं गेलं, आणि घरच्यांचा बाईंवरचा उरलासुरला विश्वासही.

"आजचा दिवस दे मला, मामा."

या वेळी त्यांनी एक्स-रे तिरका काढला. सरळ फोटोत पुढचं-मागचं एकावर एक येतं, काही कळत नाही. तिरक्यात मात्र दिसलं की पुढच्या मुळात भरलेली पांढरी रेघ मधोमध नाही, एका कडेला सरकलीय. म्हणजे त्याच मुळात शेजारी आणखी एक नळी होती!

"माझंच चुकलं रे. चौथी नळी राहिली," बाई सरळ म्हणाल्या.

मामा काहीतरी बोलणार होता, पण तोवर दाढ बधिर होऊन तोंडावर रबराचा पडदा चढला होता. मग काय, हातवारे सुरू! बाईंनी ते डाव्या हाताने दाबून थांबवले. मान वाकडी, नजर आरशात, बोटांत केसासारखी बारीक सुई. सुई नुसतीच घसरत होती. पाठीला रग लागली. कडेचा जरासा भाग खरवडला, पुन्हा टोचून पाहिलं, आणि सुईचं टोक अडकलं.

"सापडली गं बाई!" त्या स्वतःलाच म्हणाल्या. नळी धुतली, कोरडी केली, नळी भरायची गुलाबी काडी तळापर्यंत बसवून वरून बंद केली.

पंधरा दिवसांनी मामा तपासणीला आला. खुर्चीत बसल्या बसल्या शेजाऱ्याच्या भांडणाची गोष्ट सुरू.

"ते राहू दे. दाढ कशी आहे?"

"कुठली दाढ?"

"अरे, कुठली काय कुठली! ज्या दाढेपायी माझी झोप उडाली होती ती!"

मामाने जीभ इकडे फिरवली, तिकडे फिरवली. शेवटी बाईंनीच त्याच्या गालावर बोट ठेवलं.

"ही होय! अगं, हिला तर मी विसरूनच गेलो होतो."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी बाहेरच्या पेशंटला ताटकळत ठेवून शेजाऱ्याच्या भांडणाची सगळी गोष्ट ऐकून घेतली.