कपाळावरच्या सरळ रेघा

मकूरच्या कपाळावरच्या रेघा सरळ आल्या, याचा आयेनला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

खरं तर पोराच्या कपाळावर सुरीनं रेघा कोरून घ्यायचं तिच्या मनात नव्हतं. ती निर्वासितांच्या छावणीत वाढली, कॉलेजपर्यंत शिकली आणि रुम्बेक शहराजवळच्या आपल्या गावी परतून मुलांना शिकवू लागली. नवरा लढाईत गेला. मग एके दिवशी गुरांच्या तळावर तिचा दीर मारियाल म्हणाला, "वहिनी, पोराला किती दिवस वासरासारखं बांधून ठेवणार? कपाळ कोरं राहिलं तर मुलगी कोण देईल त्याला?"

"भाऊजी, आधी शिक्षण तरी होऊ द्या."

"शिक्षण डोक्याच्या आत होतं. आम्ही वरून रेघा मारतोय. अडचण कुठं आली?"

सगळे हसले. आयेनही हसली, आणि तोच होकार ठरला.

सुरी फिरली तेव्हा मकूर हलला नाही. पोर हललं की रेघ वाकडी होते आणि जन्मभर गावाला दिसते. "सूत धरून मारल्यात गं," बायका म्हणाल्या. मकूर पुरुष झाला. पुरुषानं धारेला बसायचं नसतं, म्हणून ते काम धाकट्या भावाकडे, दुतकडे गेलं.

पुढच्या वर्षी मकूरला मोटारदुरुस्तीच्या शाळेत जागा मिळाली. शाळा नदीपलीकडे, नुएर या वैरी जमातीच्या मुलखात होती. दोन्ही जमातींत तह झाला होता, दोन्हीकडची पोरं शेजारी बसून शिकणार होती. आयेनने शेंगदाण्याचा कूट बांधून दिला आणि ती म्हणाली, "वाटेत टोपी काढू नकोस."

नदीपलीकडे बंदूकवाल्या नुएर पोरांनी ट्रक अडवून पहिली टोपीच काढायला लावली. त्यांच्या कपाळावरच्या रेघा आडव्या होत्या, मकूरच्या सरळच, पण तिरक्या, भुवयांकडे उतरणाऱ्या. कोण कुठल्या जमातीचा, ते वाचायला शाळा लागत नाही.

"छान सरळ आल्यात रे," एक जण म्हणाला. "घेऊन जा परत."

मकूरबरोबर निघालेला कोऱ्या कपाळाचा मित्र अचियेक तेवढा पुढे गेला. मकूर घरातही टोपी घालून जेवू लागला.

"दुसरीकडे कुठं बघू या," आयेन म्हणाली.

"कपाळ इथं ठेवून जाऊ का, आई?"

यंदा पाऊस सरल्यावर मारियाल पुन्हा आला. "वहिनी, आता धाकट्याची पाळी."

तेवढ्यात मकूर उठला, दुतच्या हातातला दूध काढायचा पोकळ भोपळा घेतला आणि गाईखाली बसला.

"अरे, रेघा मारलेला माणूस धारेला? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे, काका. आजपासून दुत दिवसभर शाळेत बसेल. त्याच्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही."

एवढं बोलायला आयेनला मकूरच्या वेळी काय जड गेलं असतं? ती नुसती हसली होती.

गाय मकूरचा हात विसरली होती. तिनं लाथ झाडली, दूध सांडलं. आयेन पुढे झाली आणि खाली बसून तिनं गाईचे पाय धरले.