फुकट फिरणारा दलाल

१९७७ सालचा दसरा होऊन दोन दिवस झाले होते. रक्कम चार हजार रुपये. हजर माणसं चार: मी, पैसे देणारे शेठ, घर विकणारे पेन्शनर घरमालक आणि तो. शेठच्या बैठकीत शिरताना त्याने सवयीप्रमाणे उजवा तळहात भिंतीवर टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग काढला. कोणत्याही घरात शिरताना तो असंच करायचा. वैद्य जसा आजाऱ्याच्या अंगाला हात लावून बघतो, तसं.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. पांढरं धोतर, खांद्यावर शेला, पायात आवाज न करणाऱ्या चपला. आमच्या कारंजा गावात कापसाचा, धान्याचा, जागेचा, लग्नाचा कुठलाही व्यवहार जुळवायचा असला तर लोक त्याचं नाव घ्यायचे. ते नाव मी इथे लिहीत नाही. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणायचो.

मी पोस्टात कारकून होतो. ज्या घरात आम्ही भाड्याने राहायचो ते घरमालकांनी नऊ हजारांना विकायला काढलं आणि पहिला हक्क मला दिला. मी नाही म्हटलं असतं तर महिनाअखेर घर सोडावं लागलं असतं. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या गल्लीत दुसरं घर मला कोण भाड्याने देणार होतं, हे मला माहीत होतं आणि गल्लीलाही माहीत होतं. माझ्याजवळ पाच हजार होते. चार हजार कुठून तरी उभे करायचे होते.

त्यासाठी दोन माणसं होती. एक तहसीलसमोर बसणारा अर्जनवीस. तो म्हणाला, कर्ज काढून द्यायची फी शेकडा दोन, म्हणजे ऐंशी रुपये, आधी ठेवायचे, आणि काम होईलच याची हमी नाही. दुसरा हा. याने माझ्याकडे काही मागितलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठचा होकार घेऊन आला.

माझी बायको आसेगावची, बोलायला सरळ. ती त्याच्या तोंडावरच म्हणाली, "भाऊ, फुकट कोन फिरते एवढ्या उन्हात?"

तो हसला. म्हणाला, शेठ देतात दोन टक्के, तुमच्या खिशाला हात लावायची गरज नाही. मग त्याने तिच्या हातून पाणी घेतलं आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. त्या गल्लीतल्या बऱ्याच लोकांनी आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

मला मात्र ते टोचत राहिलं. ज्याचे पैसे, त्याचा माणूस, हा साधा हिशेब. म्हणून कागद व्हायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, अर्जनविसाला दिले असते ते ऐंशी तुम्ही घ्या, म्हणजे तुम्ही माझेही झालात.

त्याने हात जोडले. "नको बाबूजी. तुमचे पैसे घेतले त मले तुमच्यासंग खरं बोला लागन."

मला ती थट्टा वाटली. मी हसलोसुद्धा.

कागद मुदत खरेदीचा होता. म्हणजे घर घरमालकांकडून माझ्या नावावर आलं आणि त्याच बैठकीत मी ते शेठला चार हजारांत विकलं, असं लिहिलं गेलं. दोन वर्षांत चार हजार शेठच्या हातात दिले तर घर परत माझं. दिले नाहीत तर नऊ हजारांचं घर त्यांचं. तोवर मी दरमहा चाळीस रुपये भाडं द्यायचं. त्याला व्याज म्हणायचं नाही, कारण व्याज म्हटलं की सावकारीचा कायदा आडवा येतो.

सगळं ठरलेलं होतं. तरी सह्या होण्याआधी त्याने शेठच्या शेजारी बसून खांद्यावरचा शेला दोघांच्या हातांवर पसरला. कापसाच्या बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं धरायची, तोंडाने बोलायचं नाही, म्हणजे तिसऱ्याला आकडा कळत नाही. मी बघत होतो. शेला थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग शेठने मान डोलावली. भाव तर आधीच ठरला होता. मग हे काय ठरवत होते, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण घरमालक सहीसाठी लेखणी पुढे करत होते.

त्यानंतर तो दर महिन्याला यायचा. भाडं शेठकडे पोचवायचा, लेकीच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचा, बायकोच्या हातची ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खायचा. "वहिनी, तिखट कमी टाकत जा, मी म्हातारा होऊन राह्यलो." ती म्हणायची, म्हातारे झाले त बसा ना घरी. तो म्हणायचा, घर कुठे आहे मले. खरंच, शेकडो घरं त्याच्या हातून इकडची तिकडे झाली आणि तो स्वतः तेलघाणीमागे एका खोलीत भाड्याने राहायचा.

जाताना तो पुन्हा भिंतीवर तळहात टेकवायचा. बायकोला ते आवडत नसे. ती म्हणायची, हा मानूस घर मोजून राह्यला.

दीड वर्षाने आमच्या पतपेढीचं कर्ज मंजूर झालं. मी त्याला म्हटलं, आता शेठचे चार हजार देऊन मोकळा होतो. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. आज कर्ज उचललं तर पतपेढीचं व्याज आजपासून सुरू, आणि शेठला मुदतभर भाडं द्यायचंच आहे. दोन्हीकडे कायले भरता? शेवटच्या महिन्यात उचला, शेवटच्या महिन्यात द्या. "घाई कायले करता बाबूजी? वेळ आहे."

हिशेब बिनचूक होता. दुसऱ्या कोणाला त्याने दुसरं काही सांगितलं असतं. मला त्याने आकडे दिले, आणि आकडे बरोबर असले की मी पुढे विचारत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं घर शेठकडे गेलं. कागद तसाच, दलाल तोच. बैलगाडीत शिलाई मशीन ठेवलेलं, वर गाद्या, त्यावर त्याची आई बसलेली. शिंपी मला म्हणाला, "पैसा होता बाबूजी. घेनारा नोयता." आणि गाडीमागे चालू लागला. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. भाऊ तिथेच उभा होता. त्या रिकाम्या घराच्या भिंतीवर त्याचा तळहात होता आणि बराच वेळ त्याने तो काढला नाही.

श्रावण संपत आला होता. एके दुपारी तो पोस्टात आला, माझ्या खिडकीसमोर. त्याला पोस्टात मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड सुकलेलं, दाढी वाढलेली. एक कार्ड द्या म्हणाला. मी कार्ड दिलं. त्याने ते घेतलं नाही.

"ते ऐंशी रुपये अजून देता का, बाबूजी?"

मी खिसे चाचपले. मग पाकिटातले आणि शेजारच्या कारकुनाकडून घेतलेले मिळून ऐंशी रुपये जाळीखालून सरकवले. त्याने ते मोजले, कमरेला खोचले आणि खाली बघत बोलला.

"शेठ परवा तीर्थाले जाऊन राह्यले. दिवाळी झाल्यावर येतीन. तुमची मुदत तवा गेली राहीन. घरातलं दुसरं कोनी पैसे घेत नाई, कागदात शेठचाच हात लिहेल आहे. शिंप्याचं असंच झालं."

मी विचारलं, त्या दिवशी शेल्याखाली काय ठरलं?

"पाच बोटं. घर शेठले राह्यलं त घराच्या किमतीवर शेकडा पाच मले."

"आणि मी सोडवलं तर?"

"त काही नाई. ते दोन टक्के नुसते सांगाले होते."

नऊ हजारांवर शेकडा पाच म्हणजे साडेचारशे. ते सोडून तो ऐंशी घेऊन गेला. तीनशे सत्तर रुपयांचा तोटा त्याने का केला, हे मला आजही सांगता येत नाही. बायको म्हणते, भाकरीला जागला. मला वाटतं शिंप्याची आई. किंवा त्याला खरंच त्या दिवशी ऐंशी रुपये हवे असतील. यातलं कोणतंही खरं असू शकतं.

त्याच दुपारी मी पतपेढीचे पैसे उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरांना साक्षीला घेऊन शेठच्या बैठकीत गेलो. सामान बांधून ठेवलेलं होतं. चार हजार आणि मुदतीपर्यंतचं उरलेलं भाडं मी गादीवर ठेवलं.

शेठ आवाज न चढवता म्हणाले, "वेळ आहे की अजून, बाबूजी." तेव्हा मला कळलं की हे वाक्य मूळचं कोणाचं होतं.

मग त्यांनी विचारलं, "कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, कोणी नाही, कर्ज मिळालं म्हणून आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तो जिथे नेहमी बसायचा त्या सतरंजीच्या कोपऱ्याकडे ते पाहत होते. मग त्यांनी पैसे मोजून घेतले आणि मुनीमाला म्हणाले, तीर्थ चार दिवस पुढे ढकला. त्यातल्या एका दिवशी रजिस्टर कचेरीत कागद उलटा झाला आणि घर माझ्या नावावर आलं. उरलेले तीन दिवस त्यांनी कशासाठी ठेवले होते, ते मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. बायकोने भाकर झाकून ठेवली होती. बाजारात विचारलं तर लोक दुसरं काही बोलू लागायचे. एक अडत्या हळूच म्हणाला, त्याले आता कोनी बैठकीत घेत नाई, तुमीबी विचारू नका.

मग त्याची घरमालकीण पोस्टात आली. भाड्याचं काय, म्हणून माझ्याकडे आली, कारण अडचण आली तर पोस्टातल्या बाबूले सांगजा, असं तो तिला म्हणून गेला होता. तिने सांगितलं ते असं. शेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली दोन माणसं येऊन त्याच्या खाटेवर दिवसभर बसली होती. कोणाशी बोलली नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही. संध्याकाळी उठून गेली. तो त्या दिवसापासून दिसला नाही. त्याची ट्रंक, चपला, दाढीचं सामान सगळं तिथेच होतं.

"चपलाबी?" मी विचारलं.

"चपलाबी," ती म्हणाली.

एकूण दिलं ते असं: शेठना मुद्दल चार हजार आणि दोन वर्षांचं भाडं नऊशे साठ. त्याला ऐंशी. त्याच्या घरमालकिणीला दोन महिन्यांचे थकलेले चोवीस रुपये, आणि खोली इतक्यात कोणाला देऊ नका म्हणून पुढच्या महिन्याचे बारा.