नरसय्याअण्णांचा लिंब

"काच खोटं बोलत न्हाय. खोटं मी बोलतो, आन् लई देखणं बोलतो." नरसय्याअण्णा हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे आणि काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून त्याच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण बुजवायचे. सत्तर-बाहत्तरच्या सोलापुरात त्यांचा फोटो स्टुडिओ माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून होता. घराणं तेलुगू विणकरांचं. भाऊ सगळे मागावर बसले, हे एकटेच कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरले.

मेलेल्या नवऱ्याला विधवेशेजारी बसवावं तर अण्णांनीच. लोक दोघांचे वेगवेगळे जुने फोटो घेऊन यायचे, अण्णा एका कागदावर त्यांचं जोडपं करून द्यायचे. आमच्या पेठेत असा फोटो नसलेलं घर विरळाच.

दुकानांमागच्या अंगणात कडुलिंब होता. अण्णांची बायको राजम्मा दर पाडव्याला त्याचा मोहर वेचून गूळ-चिंच घालून पच्चडी करायची आणि वाटीभर माझ्याकडे पाठवायची. ती गेली. पुढच्या चैत्रात अण्णांनी रात्री अंगणात कॅमेरा लावला, शटर उघडं ठेवलं आणि हातातल्या बॅटरीचा उजेड फांद्याफांद्यांवरून हळूहळू फिरवला.

मी म्हटलं, "अण्णा, दिवसा का काढत नाही?"

"दिवसा समदा लिंब दिसतो. मला नुसता मोहर पायजे."

मग डार्करूममध्ये लिंब उतरवलेल्या कागदावरच त्यांनी राजम्माची जुनी निगेटिव्ह उतरवली. काळ्या रात्रीत पांढरा मोहर आणि खाली वाकलेली राजम्मा. तो फोटो त्यांनी दर्शनी काचेत लावला.

आठवड्याभरात बोभाटा झाला, लिंबाखाली बाई दिसते. बाया पोरांना अंगणात जाऊ देईनात. अण्णांनी दोन्ही निगेटिव्ह रस्त्यावर आणून उजेडात धरल्या. "ह्यो लिंब. ही माझी बायको. दोन काचा येगळ्या हायत, बगा की."

"मेल्याली बाई फोटूत आली, म्हंजी हाय की तितं," एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हे लिहितानाही माझं डोकं तापतं. ज्यांच्या भिंतीवर अण्णांनी बसवलेले मेलेले नवरे टांगले होते, तीच ही माणसं. तेव्हा भूत दिसलं नाही त्यांना.

घरमालक सिद्रामशेठला त्या जागेवर गाळे काढायचेच होते. "लोक भ्यात्यात," एवढं म्हणून त्यानं भर मोहरात लिंब पाडला. त्याच लिंबाखाली बसून वर्षानुवर्षं गप्पा हाणणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मी ओरडलो, तर अण्णांनीच मला हाताला धरून आत नेलं.

दोन वर्षांनी शेठची आई वारली. तो आईबापांचे दोन फोटो घेऊन अण्णांच्या दारात उभा राहिला, म्हणाला, एकत्र करून द्या. मी म्हटलं, हाकला त्याला. अण्णांनी फोटो ठेवून घेतले.

जोडपं झकास झालं. फक्त त्यांच्यामागे नेहमीचा रंगवलेला पडदा नव्हता. काळी रात्र होती आणि कडुलिंबाचा मोहर, फांदी न् फांदी. आईबाप इतके जिवंत दिसत होते, की शेठला तो फोटो परतही करवेना. कागदात गुंडाळून घेऊन गेला. अण्णा आता नाहीत. शेठच्या बैठकीत तो फोटो अजून आहे, दर पाडव्याला त्याला हार पडतो.

शेठ फोटो घेऊन गेला त्या दिवशी मी अण्णांना विचारलं होतं, राजम्मा का नाही घातली त्यात?

"तिला त्येच्या घरात कशाला धाडू?" अण्णा म्हणाले.