ओरा पिंकमचं कायद्याच्या बाजूचं मत

ओरा पिंकम ही आमच्या हॅलोफील्डमधली सगळ्यात खडूस बाई, आणि मला ती आवडायची. दोन जर्सी गायी, कच्च्या दुधाचं चीज आणि दिवसभर सरकारच्या नावानं शिव्या. नदीपलीकडे व्हरमाँट, म्हणजे दुसरं राज्य. कच्चं दूध आमच्या काठावर विकलं तर चालायचं, पूल ओलांडून विकायला नेलं की वॉशिंग्टनच्या कायद्यानं गुन्हा. एका वर्षी ती आणि लाइल बॅचेल्डर पुलाच्या मधोमध उभे राहिले आणि अधिकाऱ्यादेखत किटली तोंडाला लावून दूध प्यायले.

"वॉशिंग्टननं आमच्या राज्यात नाक खुपसू नये, आणि राज्यानं आमच्या गावात!" लाइल ओरडला.

"आणि गावानं माझ्या स्वयंपाकघरात," ओरा म्हणाली. लाइलला ती गंमत वाटली.

पुढे लाइल गावचा कारभारी म्हणून निवडून आला. उन्हाळ्यात आलेल्या एका पाहुण्याच्या मुलीचं गावात विकत घेतलेलं काहीतरी घरगुती खाऊन पोट बिघडलं, त्यानं गावाला कोर्टाची धमकी दिली आणि लाइलची पाचावर धारण बसली. गावसभेत त्यानं नियम करून घेतला: तपासलेलं वेगळं स्वयंपाकघर नसेल तर घरी केलेला खाण्याचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही. मग कॉन्स्टेबलला घेऊन तो स्वतः ओराच्या तळघरात उतरला आणि वर्षभर मुरवलेलं चीज उकिरड्यावर टाकायला लावलं.

"अगं, हा काय वॉशिंग्टनचा कायदा आहे? आपलाच आहे."

"लगाम कुणाच्याही हातात असू दे लाइल, तोंड माझंच फाटतंय."

तेव्हापासून ती डूख धरून होती. मी मध्ये पडून पाहिलं, तर मलाच हाकललं.

फेब्रुवारी सरता सरता मेपलच्या झाडांना रस सुटला. लाइल बापाच्या काळापासून शेडमध्ये तो रस आटवून त्याचा पाक विकतो. 'कुठलाही पदार्थ' असं लिहिताना त्याला पाक आठवलाच नाही. आमच्याकडे पाकाला कुणी पदार्थ म्हणतच नाही. ओरानं म्हटलं. जन्मात कधी अधिकाऱ्याला फोन न केलेल्या बाईनं तो केला. लाइलच्या शेडला कुलूप लागलं आणि बादल्यांतला रस आंबायला लागला.

लाइलनं दारोदार फिरून सह्या जमवल्या आणि नियम रद्द करायला खास सभा बोलावली. सभेचा अध्यक्ष मी. मतांची कार्डं वर झाली. मोजली, तर अठ्ठावन्न रद्द करायच्या बाजूनं, अठ्ठावन्न विरुद्ध. ओराचं कार्ड अजून मांडीवरच होतं.

लाइल तिच्या बाकापाशी गेला.

"ओरा, तुझं चीजही सुटेल गं. मी चुकलो, सगळ्यांसमोर सांगतो."

"ठाऊक आहे."

बरोबरी झाली तरी ठराव पडतोच. ती गप्प बसली असती तरी भागलं असतं. पण मी विरोधातली मतं पुन्हा विचारली, तेव्हा ती काठी टेकत उठली आणि सगळ्यांना दिसेल असं कार्ड वर धरलं. चाळीस वर्षांत एकाही नियमाच्या बाजूनं मत न दिलेली बाई. मला तिचा भयंकर राग आला.

त्याच आठवड्यात तिनं दोन्ही गायी विकल्या. गाडीत चढवायला मी मदत केली, आणि न राहवून विचारलं, "काय मिळवलंस?"

रिकाम्या गोठ्याचं दार तिनं ओढून घेतलं.

"लोक कायदे का करतात, ते मला कधी कळलं नव्हतं," ती म्हणाली. "फार बरं वाटतं रे."