आणीबाणीची दोरी

पुण्याला मुलाकडं गेलो की मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी माझं आणि बायकोचं हमखास वाजतं. ती पदर खोचते, श्वास रोखते आणि पहिल्या पायरीवर पाय टाकून मोकळी होते. मी मात्र खाली वाकून बघत उभा असतो. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना ब्रश आहे का? जिना जिथं जमिनीत शिरतो तिथल्या कंगव्याचे सगळे दात शाबूत आहेत का? आणि मुख्य म्हणजे, थांबवायचं लाल बटण कुठं आहे? तोवर बायको वर पोचलेली असते आणि तिथून ओरडते, "लोकं बघायलेत, चला की आता!"

बघू देत. यंत्राचे दात सगळ्यांनाच दिसतात, त्यामुळं माणूस त्यांच्यापासून लांब राहतो. यंत्र माणसाला धरतं ते फटीत. दोन बोटांची फट पुरते. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्या आबांच्या धोतरानं शिकवलं.

आबा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि मला उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, वायरमनचा कोर्स करायला ठेवलं. पुढं आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाऊस धड नव्हता, विहिरी तळाला गेलेल्या, तरी माणसांनी कुठून कुठून ऊस जगवला आणि कारखान्याचं धुराडं पेटलं. मी तिथं वायरमन म्हणून लागलो. वर्षभरानं आबाही आले, गव्हाणीवर.

बैल चारा खातो ती गव्हाण सगळ्यांना ठाऊक असते. कारखान्याचीही गव्हाण असते. लांबलचक लोखंडी चर, त्याच्या तळाला साखळीवर सरकणाऱ्या फळ्या, आणि त्या फळ्यांवरून ऊस पुढं कटरकडं जातो. दोन्ही बाजूंना उभं राहून, वेडावाकडा पडलेला ऊस लोखंडी आकड्यानं सरळ करायचा, हे आबांचं काम. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या गव्हाणीची पूजा होते, पुढारी मोळी टाकतात, पेढे वाटतात. आबा पूजेला पुढं जात नसत, छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांनी तसलं सगळं सोडलं होतं, पण पेढ्याला नाही म्हणत नसत. "पेढ्याचा काय गुन्हा हाय?" असं त्यांचं म्हणणं.

तर त्या गव्हाणीच्या कडेला, फळी आणि पत्रा यांच्यामध्ये, दोन बोटांची फट होती. आदल्या हंगामात तिथं एका गड्याचा पंचा अडकला आणि पंचा सोडवायला गेला तर दोन बोटं गेली. म्हणून नव्या चीफ इंजिनियर साहेबांनी दोन गोष्टी केल्या. एक, गव्हाणीवर धोतर बंद, सगळ्यांना खाकी अर्धी चड्डी. दोन, गव्हाणीच्या दोन्ही अंगांनी कमरेएवढ्या उंचीवर लाल दोरी. दोरीचं टोक खटक्याला. कुठूनही ओढली की मोटर बंद. परत चालू करायची तर वायरमननं येऊन खटका हातानं बसवायचा, तोवर कुणाच्या बापाला गव्हाण हलवता येत नाही.

चड्डीवरून आमच्या घरात महाभारत झालं. आबांनी ती चिमटीत धरली, उंदीर धरावा तशी. "नातवंडं खेळवायच्या वयात चड्डी घालू व्हय? गावात तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, "आबा, तोंड दाखवायला पाय तर शाबूत पाहिजेत."

"शिकला म्हंजे बापाला शिकवाय लागला," एवढं बोलून त्यांनी चड्डी ट्रंकेत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी धोतर नेसून कामावर गेले. वर कमरेला चामडी पट्टा. तो पट्टा मीच पहिल्या पगारात सोलापूरहून आणलेला. धोतरावर पट्टा आवळायचा आणि छाती काढून चालायचं, हा त्यांचा थाट. साहेबांनी दोनदा टोकलं, आबांनी दोनदा "व्हय साहेब" म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी साहेबच कंटाळले.

दोरीचं काम माझ्याकडं होतं. दोरी बांधली, खटके बसवले, आणि मग पाटी. खरी गडबड इथं आहे. एसटीच्या मागच्या दारावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं असतं, तसं 'संकटकाळी' लिहून भागलं असतं. पण मी ताजा शिकलेला, मला जुनाट शब्द नको होता. रेडिओवर त्या वर्षी सकाळ-संध्याकाळ एक शब्द वाजत होता, मोठा, भारदस्त, सरकारी. मी पत्र्यावर पांढऱ्या रंगानं ठळक अक्षरांत रंगवलं: 'फक्त आणीबाणीतच दोरी ओढावी.' अक्षरं मुद्दाम मोठी काढली, कारण आबा प्रौढ साक्षरतेच्या वर्गात नुकते अक्षरं लावायला शिकले होते. त्यांनी पाटीसमोर उभं राहून वाचलं, "आ... णी... बा... णी," आणि मग माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं. मला वाटलं, कौतुक.

हंगाम सुरू झाला. एक महिना गेला, दोन गेले, दोरी एकदाही ओढली गेली नाही. साहेब खूश. "बघ, लोकांना शिस्त लागली," असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. मी आठवडाभर हवेत होतो. दुसऱ्या कारखान्यातून कुणी बघायला आलं की मी त्यांना पाटीपाशी नेऊन उभं करायचो.

शिस्त कसली! झालं होतं असं की कॅन्टीनमध्ये कुणीतरी पुडी सोडली, आणीबाणीची दोरी म्हणजे सरकारी दोरी. हात लावला की नाव लिहून घेतात, आणि नाव गेलं की जीप येऊन तालुक्याला नेते, नसबंदीच्या ऑपरेशनला. त्या दिवसांत जीप आणि ऑपरेशन हे दोन शब्द पुरेसे होते. जळकोटकडचे एक पैलवान गव्हाणीवर आबांच्या जोडीला होते. दीडशे किलोची मोळी एकटे उचलायचे, आणि त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. ते दोरीपासून हातभर लांबून चालायचे, शाळेतली पोरं मास्तरच्या छडीपासून चालतात तसे. हे सगळं मला सोडून सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मलाच कुणी सांगितलं नाही, कारण पाटी लावणारा मीच. मी सरकारचा माणूस ठरलो होतो.

मग पाडव्याच्या सुमारास, हंगाम संपत आला असताना, रेडिओवर बातमी आली की आणीबाणी उठली. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी चहाला वेगळीच चव होती. माणसं मोठ्यानं बोलायला लागली. पैलवानांनी दोन भजी जास्त खाल्ली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारची गोष्ट. मी गव्हाणीपासून वीसेक पावलांवर शिडीवर चढून एक दिवा बदलत होतो. खाली आबा आणि पैलवान समोरासमोर उभे, मध्ये गव्हाण चाललेली. एक मोळी आडवी पडली, आबा आकडा घेऊन वाकले, आणि धोतराचा सोगा त्या दोन बोटांच्या फटीत गेला.

नुसतं धोतर असतं तर सुटून गेलं असतं. आबा उघडे पडले असते, चार माणसं हसली असती, विषय संपला असता. पण वर पट्टा होता. माझा पट्टा, सोलापूरचा, अस्सल चामड्याचा, कधी तुटणार नाही अशी दुकानदारानं हमी दिलेला. धोतर आत जायला लागलं आणि त्याबरोबर आबा. त्यांनी आकडा टाकला, दोन्ही हातांनी कठड्याचा पाइप धरला. पाय घसरत कटरच्या दिशेनं निघाले. दोरी त्यांच्या कोपराशी होती, पण पाइप सोडला असता तर गेलेच असते.

पैलवानांच्या समोरून त्यांच्या बाजूची दोरी गेलेली. त्यांनी हात उचलला. आणि हात तिथंच थांबला. त्यांनी पाटीकडं बघितलं, शिडीवर माझ्याकडं बघितलं, आणि यंत्राच्या खडखडाटावरही ऐकू यावं अशा त्यांच्या तालमीतल्या आवाजात विचारलं, "वो वायरमन! आणीबाणी तर उठली की! वढू का नको?"

मी आजवर कुणाचा एवढा राग केला नाही, जेवढा त्या क्षणी स्वतःचा केला. पाटीवरचा 'फक्त' माझा होता. 'तच' माझा होता. तो माणूस भित्रा नव्हता, तो माझी पाटी वाचत होता. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. शिडीवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही, पण वीस पावलं पळून जायला वेळ पुरणार नाही हे मला पळतानाच कळत होतं.

ओरडले ते आबा. पाइपाला लटकलेले, तोंड लाल झालेलं, पण आवाज खणखणीत.

"सरकारची न्हाय रं ती दोरी! माझ्या पोरानं बांधलीया! वढ!"

पैलवानांनी अशी ओढली की खटक्याचा आवाज बॉयलरपर्यंत गेला असेल. गव्हाण थांबली. कारखान्यात एकदम एवढी शांतता झाली की बाहेर गाडीतळावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आत आला.

मी पोचलो तेव्हा आबांच्या गुडघ्यापासून फट एक वीत उरली होती. मी पट्ट्याचं बकल काढायला लागलो तर ते ताणानं इतकं आवळलेलं की निघेना. शेवटी पैलवानांनी कोयता घेऊन धोतर कापलं. माणसं गोळा झाली. साहेब धावत आले. आणि धोतर गळून पडलं तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

आत खाकी चड्डी होती. कारखान्याची. धुऊन धुऊन विटलेली, म्हणजे हंगामभर रोज घातलेली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, चड्डी घालत होता, मग वर धोतर कशाला?"

आबा म्हणाले, "चड्डी पोराच्या शब्दासाठी घातली साहेब. धोतर गावासाठी."

पैलवानच आधी हसले, मग सगळे. मीही हसलो, आणि हसता हसता तिथंच उसाच्या पाचटात बसून रडलो. लाज वाटली नाही. ट्रंकेत टाकलेली चड्डी त्यांनी कधी बाहेर काढली, मला पत्ताही नव्हता. एका घरात राहून मी त्यांच्यावर चिडत होतो, आणि ते माझं ऐकत होते. पाटी वाचून तेही घाबरले होते, हे त्यांनी मला त्या दिवशी घरी जाताना सांगितलं. "तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ती फट पत्रा मारून बुजवली आणि पाटी खाली उतरवली. काय लिहावं सुचेना. 'अडकल्यास दोरी ओढा' असं लिहिलं, तर आबा चड्डीवर उभे, शेजारून म्हणाले, "ज्यो अडकला त्येचे हात रिकामे असत्यात व्हय? बघणाऱ्याला सांग." मग मी ते पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं:

'कुणीबी अडकलं की दोरी ओढा. विचारू नका.'

साहेब म्हणाले, 'कुणीबी' हे शुद्ध नाही. मी म्हटलं, साहेब, शुद्ध लिहून एकदा बघितलं आहे.

पुढच्या हंगामात दोरी कितीदा ओढली गेली याला गणती नाही. कुणी पाय घसरला म्हणून ओढली, कुणी पंचा वाळत घातला म्हणून ओढली गेली, पैलवानांनी एकदा मांजर आत गेल्याच्या संशयावरून ओढली. साहेब वैतागले. मी प्रत्येक वेळी पळत जायचो, खटका बसवायचो, आणि मनातून मला बरं वाटायचं.

एकदा दुपारी गव्हाण थांबली. मी स्टोअरमधून जीव मुठीत धरून धावत गेलो. आबा चड्डीवर, कमरेला तोच पट्टा, दोरीला हात लावून निवांत उभे. पाय बघितले, हात बघितले, सगळं जागच्या जागी.

"काय झालं आबा? कुणी अडकलं?"

"न्हाय," आबा म्हणाले. "दोरी चालती का बघितलं." मग ऊस सरळ करता करता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन तू येतूस का, ते बी."