शेलारबाईंचं सुपरव्हिजन

शेलारबाई कुठेही गेल्या तरी सगळ्यांच्या मागे उभ्या राहायच्या. लग्न असो, शोकसभा असो, नाहीतर आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीची वार्षिक सभा. पुढे खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बाई मागच्या भिंतीपाशी, हात पाठीशी बांधून. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि दर मार्चला बोर्डाच्या परीक्षेचं सुपरव्हिजन केलं, त्याचा हा परिणाम. "पुढून चेहरे दिसतात," त्या म्हणत, "मागून हात दिसतात." एका सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर बोलत होते आणि मी अहवालात दडवून शब्दकोडं सोडवत होतो. मागून कानाशी आवाज आला, "आडवा सात चुकलाय." ही आमची ओळख.

आमची सई तेव्हा अडीच वर्षांची होती. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, त्यामुळे घरात तिचंच राज्य. आपणहून बोलत मात्र नव्हती. "तुझा काका चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता थांबतो का?" असा निर्वाळा आत्याने दिला होता, आणि काका खरोखरच थांबत नसल्याने मी निश्चिंत होतो. एकदा लिफ्टमध्ये सईने बाईंचं मनगट धरलं, त्यांचं बोट बटणापाशी नेलं आणि दाबलं. मी कौतुकाने हसलो. बाई हसल्या नाहीत.

"हिने माझा हात वापरला," त्या म्हणाल्या. "मला नाही. चमचा उचलावा तसा उचलला, वर बघितलंसुद्धा नाही. दाखवून घ्या."

"कोणाला?"

"मला तरी नको. मी मराठीची बाई आहे. डॉक्टरांना दाखवा."

पुढचे आठ दिवस बाई दिसल्या की मी जिन्याने जायचो. तेवढ्यात अनघाने, माझ्या बायकोने, फोन फिरवले. मुलांच्या डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. कान उत्तम निघाले. मी सोसायटीत पेढे वाटले! बाईंनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "कान पास. बाकीचे विषय राहिलेत." बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांची तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची.

दोन महिने! मी पोटासाठी बँकेत असतो, पण मनाने हौशी नट. मी तालीम सुरू केली. मीच डॉक्टर व्हायचो आणि भारदस्त आवाजात विचारायचो, "नाव काय तुझं?" सई माझ्या हातातल्या चकलीकडे बघत म्हणायची, "काय तुझं." मग गाय कुठे, टाटा कर. एका बरोबर उत्तराला चकलीचा एक तुकडा. तीन आठवड्यांत सई 'सई' म्हणायला लागली, अर्थात, चकलीला.

एका संध्याकाळी तालीम ऐन रंगात असताना मागून आवाज आला. दार उघडं होतं आणि बाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"तालीम."

"याला कॉपी म्हणतात. खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे बाप पाहिलेत मी. घरात बसून फेकणारा पहिलाच."

"अहो बाई, मुलगी पास व्हायला नको का?"

"पास झाली तर काय मिळेल? छान आहे म्हणतील, घरी पाठवतील. मग तिला जे येत नाही ते कोण शिकवणार? तुमची चकली?"

अनघा ओट्याशी होती. तिने गॅस बंद केला. "मग आम्ही काय तयारी करायची, बाई?"

बाईंनी फुलस्केप कागद आणले आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 'सईने काय केलं', उजवीकडे 'आपण काय केलं'. "विशेषणं नकोत," त्यांनी बजावलं. "हट्टी नको, हुशार नको, लाजाळू तर मुळीच नको. क्रियापदं लिहा."

डावी बाजू जेमतेम भरायची. उजवी ओसंडून वाहायची. मिक्सर लावायच्या आधी तिला बाल्कनीत नेलं. भात वरणाला लागला म्हणून ताट बदललं. पाहुणे यायच्या आत तिला फिरायला नेलं. तिने मागितलं नाही, ओळखून दिलं. मी जगाला सांगत होतो, आमची सई काही त्रास देत नाही. कशी देईल? तिच्या पुढे पुढे एक माणूस दिवसभर धावत होतं. माझी बायको वर्षभर धावत होती आणि ते मला कागदावर वाचून कळलं.

तारखेच्या दिवशी बाई आमच्यासोबत रिक्षात. वेटिंग रूम खचाखच भरलेली. सईचं नाव पुकारलं आणि बाई माझ्या वाटेत उभ्या राहिल्या.

"खिसे."

"बाई, इथे?"

"खिसे!"

शर्टातून चकलीचे दोन तुकडे निघाले, पँटीतून गाईचं चित्र आणि एक रबरी बदक. बदक ओरडलं. समोरच्या एका आजोबांनी घाईघाईने स्वतःच्या खिशावर हात ठेवला.

आत डॉक्टर जमिनीवर बसल्या होत्या. "सई," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. सई पंख्याच्या सावलीकडे बघत राहिली. माझ्या ओठांवर 'इकडे बघ' आलं होतं, ते गिळलं. नटाला याहून अवघड भूमिका नाही.

"घरी हाक मारली की बघते?"

मूड असेल तर, असं मी पाठ केलं होतं. "नाही," मी म्हणालो, आणि कागद पुढे केले. डॉक्टरांनी उजवी बाजू दोनदा वाचली आणि अनघाकडे बघितलं. "दमला असाल," एवढंच म्हणाल्या.

आणखी दोन भेटींनंतर डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, ऑटिझम आहे. परतताना रिक्षात बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या वर्गात चंदा म्हणून मुलगी होती. नजर द्यायची नाही, बोलायची नाही. मला कणव यायची. दरवर्षी ग्रेस देऊन वर ढकलली मी तिला. तिला काय येत नाही ते कुणाला कळूच दिलं नाही. सातवीत शाळा सुटली तिची. एवढी मोठी कॉपी मी आयुष्यात एकदाच चालू दिली." आणि त्याच दमात, "डावीकडे घ्या हो रिक्षावाले. थेरपी कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारी मी मोकळी आहे."

पुढची दोन वर्षं त्या प्रत्येक मंगळवारी मोकळ्या होत्या. गेल्या वर्षी मुलाकडे वाघोलीला राहायला गेल्या. सई आता साडेपाच वर्षांची आहे. तिला 'नको' म्हणता येतं आणि ती ते दिवसातून चाळीस वेळा म्हणते. यंदा तिच्या शाळेचा फॉर्म भरला. मुख्याध्यापिका भल्या होत्या. फॉर्म वाचून त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "अहो, गोड आहे की मुलगी. हे लिहायलाच हवं का? रकाना कोरा ठेवलात तरी चालेल."

मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज लावला. बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला असेल.

"लिहिलेलं राहू द्या, मॅडम. सईला काय काय लागतं तेच सांगायला आलोय आम्ही. तुमच्याकडे वेळ किती आहे?"