गुळाचं रक्त

आंजी गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, रूपरावांसारखा राक्षस पुन्हा झाला नाही. मरण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गुळाच्या पाकात लाल रंग कालवून त्याची पिशवी ते गालात धरत आणि वधाच्या क्षणी तिच्यावर दात रोवत. धोतरावर ओघळ उतरला की पुढच्या रांगेतल्या बाया पोरांचे डोळे झाकत. पाक करून देई त्यांची बायको, धुरपताबाई. सकाळी त्या धोतराला मुंग्या लागलेल्या असत. धुताना बाई मुंग्यांना शिव्या देत, आणि उरलेल्या शिव्या नवऱ्याला.

दंडार बंद पडली, पण कलावंत थोडाच थांबतो? शेतात पऱ्हाटी निंदायला जायचं म्हटलं की रूपरावांना खोकला येई आणि बनियनवर लाल थेंब पडत. एकदा अर्धं गाव जमलं, सरपंचाची जीप दारात लागली, तेव्हा मेलेले रूपराव उठून सगळ्यांना चहाचा आग्रह करू लागले.

म्हणून त्या सकाळी कोणी धावलं नाही. धुरपताबाईंच्या भावाकडे, देवळीच्या बबनरावांकडे, मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बबनराव पाहुण्यांना जेवणापेक्षा स्वतःच्या ट्रॅक्टरची कथा जास्त वाढत. निघता निघता रूपराव खोकले आणि पांढरा दुपट्टा लाल झाला.

"गूळ कोणत्या डब्यातला घेतला?" धुरपताबाईंनी पदराला पिन लावत विचारलं.

"खरं हाय वं, धुरपते."

"पोळ्यालेबी खरंच होतं."

रूपरावांनी शपथ घेतली. पण शपथा ते दंडारीतही फार सुंदर घेत. बाईंनी दुपट्टा मोरीशी टाकला आणि मागचं दार लावायला गेल्या. परत येताना त्यांची नजर खाली गेली. मोरीच्या कडेनं मुंग्यांची रोजची रांग चालली होती आणि दुपट्ट्याला वळसा घालून पुढं जात होती. एक वर चढली, मिशा हलवल्या, उतरून गेली. बाई उकिडव्या बसल्या. डागाला बोट लावून पाहिलं. चिकट लागेना.

"अजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे गुळाचं नाई."

"मंग मी काय सांगून राह्यलो?"

देवळीची बस गेली. दोघांना घेऊन ऑटो वर्ध्याच्या दवाखान्यात पोचला. तिथं आधी टीबीचा संशय आला; दोनदा थुंकी तपासली, काही सापडलं नाही. तरुण डॉक्टर सुरभींनी लक्षणं विचारली, तर रूपरावांनी खोकून, छाती धरून, भिंतीला टेकून असा प्रवेश वठवला की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आता अभिनयाशिवाय सांगा. तेव्हा धुरपताबाईच बोलल्या. गेल्या वर्षी यांचं हृदय भलत्याच ठेक्यात चालायचं. नागपुरात मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळली, तेव्हा चाल सुधारली. रूपरावांच्या लेखी तो खेळ संपला होता, म्हणून ते बोललेच नव्हते.

डॉक्टरांनी लगेच स्कॅन करायला पाठवलं. फुफ्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या चार नसांपैकी डावीकडच्या दोन जवळपास मिटल्या होत्या. जाळलेली जागा त्यांच्याच तोंडाशी होती, तिचा वण आकसला होता. क्वचित होतं असं, त्या म्हणाल्या. रक्त मागं तुंबतं आणि खोकल्यातून येतं.

"म्हंजे तंबूचे दोन दरवाजे बंद, अन् पब्लिक कनात फाडून बाहेर," रूपराव म्हणाले.

अगदी तसंच, पण अजून महिनाभर घरी काढला असता तर डावं फुफ्फुस गेलं असतं, असं डॉक्टरांकडून ऐकल्यावर मात्र त्यांनी नागपूरची गाडी कधी आहे ते विचारलं.

नागपुरात नसांमध्ये फुगा घालून जाळीच्या नळ्या बसवल्या. पुन्हा रक्त दिसलं तर तासभरही थांबायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

चार महिन्यांनी बबनरावांच्या मुलीचं लग्न आलं. ट्रॅक्टरही नवा आला होता. सकाळी रूपराव खोकले. दुपट्टा लाल.

धुरपताबाईंनी दुपट्टा मोरीशी ठेवला, जवळ पाट घेतला आणि बसल्या. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. रूपरावांनी ती पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या पार्टाची लाज वाटली.

पहिली मुंगी चढली. मग दुसरी. मग सगळी रांगच वळली.

बाईंनी मुंग्यांना हात जोडले आणि उठल्या.

"कपडे घाला," त्या म्हणाल्या. "अन् ट्रॅक्टरची गोष्ट पूर्ण आयकजा."